‘आधी तू बोल!’ : व्हिडिओ कॉलवर बोलणे का अडखळते?

रविवारचे सकाळचे साडेनऊ. कॅलिफोर्नियात अजून शनिवारच आहे, रात्रीचे नऊ वाजलेत. पुण्यातल्या स्वयंपाकघरात आईने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आहे. घंटी वाजते, लेकाचा चेहरा दिसतो आणि दोघेही एकदमच सुरू होतात. “अरे, तुझ्या दाढेचं काय…” “आई, परवा आम्ही…” दोघेही थांबतात. “बोल, बोल.” “नाही, तू बोल आधी.” मग पुन्हा दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात. दहा मिनिटांनी कॉल संपतो, तेव्हा तब्येत, हवापाणी आणि जेवण एवढेच बोलून झालेले असते.

हीच दोघे गणपतीत घरी समोरासमोर बसली की रात्री दोनपर्यंत गप्पा संपत नाहीत. मग कॉलवरच असे का होते? बहुतेक घरांत याचे उत्तर ठरलेले असते : ‘आईला हल्ली नीट ऐकू येत नाही’, ‘बाबांना फोन जमत नाही’. आईबाबाही ते मुकाट्याने मान्य करतात. हा निकाल त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. अडखळण्याची बरीचशी कारणे यंत्राच्या रचनेत आणि अंतराच्या गणितात आहेत. काही वयाशी निगडित आहेत हे खरे, पण त्यांवरही साधे उपाय आहेत. ही कारणे एकेक करून समजून घेऊ.

पाव सेकंदाचा खेळ

गप्पा मारताना एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? नेदरलँड्समधील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये दहा भाषांतील संभाषणे मोजली. भाषाभाषांत थोडा फरक होता, पण सरासरी अंतर साधारण ०.२ सेकंद निघाले. म्हणजे आपण समोरच्याचे वाक्य संपण्याची वाट पाहत नाही. ते कुठे संपणार याचा अंदाज घेऊन उत्तर आधीच जुळवून ठेवतो. ही लय आपल्याला लहानपणापासून मिळते, आणि ती पाळतो आहोत हे आपल्याला जाणवतही नाही.

आता त्यात अंतर घालू. भारतातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे जाणारा आवाज चेन्नईहून सिंगापूर आणि तिथून प्रशांत महासागर असा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींतून जाऊ शकतो. हा प्रवास वीस हजार किलोमीटरच्या घरात जातो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे नुसत्या वाटेतच एक दशांश सेकंद खर्च होतो. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणे, घरचे वायफाय, वाटेतली वळणे, पलीकडे पुन्हा आवाज तयार करणे हे सगळे धरले, की एका बाजूचा उशीर सहज पाव ते एक तृतीयांश सेकंद होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मते एका बाजूचा उशीर ०.१५ सेकंदाच्या आत असेल तर बोलण्यात सहसा अडचण येत नाही, आणि ०.४ सेकंदाच्या वर तो जाऊ देऊ नये.

उशीर ही नवी गोष्ट नव्हे. १९७१ मध्ये नारायणगावजवळच्या आर्वी येथे ‘विक्रम’ उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. उपग्रहामार्फत जाणाऱ्या अशा फोनचा आवाज सुमारे ३६ हजार किलोमीटर वर जाऊन तितकाच खाली येई, आणि त्यात पाव सेकंद जाई. परदेशी फोन लावलेल्या जुन्या पिढीला तो थांबा आठवत असेल.

आई विचारते, “येणार ना रे दिवाळीला?” प्रश्न पोहोचायला ०.३ सेकंद. लेक नेहमीच्या चपळाईने ०.२ सेकंदात “हो, येणार की” म्हणतो. ते उत्तर परत यायला आणखी ०.३ सेकंद. लेकाच्या हिशेबी त्याने क्षणाचाही विलंब केलेला नाही. आईला मात्र ०.८ सेकंदाची शांतता ऐकू येते, म्हणजे नेहमीच्या चौपट.

शांततेलाही अर्थ असतो. समोरासमोर ‘हो’ पटकन येते आणि ‘नाही’ यायला वेळ लागतो, कारण नकार देणारा शब्द शोधत असतो. त्यामुळे लांबलेली शांतता ऐकली की मन परस्पर अर्थ लावते : याला यायचे नाहीसे दिसते, काहीतरी लपवतोय, नाहीतर लक्षच नाही. जर्मनीतील संशोधकांनी २०१४ मध्ये नेमके हेच दाखवले. तारेतल्या उशिराचा दोष ऐकणारे लोक तारेला न देता समोरच्या माणसाला देत होते, आणि तो बेसावध वाटतो म्हणत होते. फोन ठेवल्यावर ‘आज तुटक बोलला’ अशी जी खंत राहते, तिच्यामागे कित्येकदा केवळ समुद्राची लांबी असते.

उपाय बोलण्याच्या पद्धतीत आहे. आपले बोलणे संपले की ते शब्दांत सांगावे : “…बरं, आता तू सांग.” आणि प्रश्न विचारल्यावर एक पूर्ण श्वास थांबावे. चारपाच कॉल सवय केली की आदळाआपट बरीच कमी होते.

आवाज तुटतो तेव्हा काय होते

आपला आवाज सलग प्रवाहाने जात नाही. ॲप त्याचे बारीक तुकडे करते, साधारण ०.०२ सेकंदाचा एक, म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकड्याला क्रमांक देऊन तो पाठवला जातो. वाटेत गर्दी असेल तर काही तुकडे वेळेवर पोहोचतात, काही रेंगाळतात, काही हरवतात. ते येतील तसे वाजवले तर काहीच कळणार नाही.

म्हणून पलीकडचे ॲप तुकडे लगेच वाजवत नाही. आधी थोडे साठवते, क्रमाने लावते आणि मग एकसारख्या वेगाने वाजवते. गच्चीवरची पाण्याची टाकी हेच काम करते. नगरपालिकेचे पाणी कधी जोरात येते, कधी बारीक, कधी येतच नाही. टाकीत साठा असला की स्वयंपाकघरातल्या नळाची धार मात्र एकसारखी पडते. टाकी जितकी मोठी तितकी धार खात्रीची, पण नळातून येणारे पाणी तितकेच शिळे. नेट खराब झाले की ॲप आपली साठवण वाढवते. आवाज सलग येतो, पण उशीर आणखी वाढतो. आणि साठा संपला की आवाज तुटतो.

हरवलेला तुकडा पुन्हा मागवता येत नाही का? येतो, पण तो येईपर्यंत त्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून ॲप आधीच्या आवाजावरून अंदाजाने ती फट बुजवते. शब्द लांबून ‘आ-आ-आ’ असा खरखरीत होतो तो यामुळे.

चित्राचे गणित वेगळे आहे. प्रत्येक चित्र पूर्ण पाठवायचे तर फार माहिती लागेल. म्हणून अधूनमधून एक पूर्ण चित्र आणि मधल्या काळात फक्त बदललेला भाग पाठवतात. मधली माहिती हरवली की चेहरा गोठतो किंवा चौकोन-चौकोन दिसतो. चित्राला आवाजापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे आवाज तुटू लागल्यावर पाच मिनिटे कॅमेरा बंद करणे हा सर्वांत सोपा इलाज आहे. वायफायच्या खोक्याजवळ बसल्यानेही फरक पडतो. खोके हॉलमध्ये आणि फोन दोन भिंतींपलीकडे स्वयंपाकघरात असेल, तर सात समुद्र नीट ओलांडून आलेला आवाज घरातच अडखळतो.

हुंकार कुठे गेला?

गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार देणारा लागतो. “हं”, “बरं”, “हो का”, “अगंबाई!” या छोट्या आवाजांवर सांगणारा पुढे जातो. व्हिडिओ कॉलवर नेमके हेच आवाज गळतात, आणि “ऐकतोयस ना? आहेस ना?” असे मधेमधे विचारावे लागते.

फोन स्पीकरवर असताना लेकाचा आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो आणि त्याच फोनच्या माइकमध्ये शिरतो. तो तसाच परत गेला तर लेकाला आपलाच आवाज पुन्हा ऐकू येईल. म्हणून फोन माइकमध्ये आलेल्या आवाजातून स्पीकरचा आवाज वजा करतो. एकच माणूस बोलत असेल तर हे छान जमते. दोघे एकदम बोलले की कोणता आवाज खोलीतला आणि कोणता स्पीकरचा हे ओळखणे अवघड होते, आणि फोन एक बाजू दाबून टाकतो. लेक बोलत असताना आईने हळूच म्हटलेला “हं” पहिला बळी ठरतो. जो पोहोचतो तोही उशिरा, पुढच्या वाक्यावर जाऊन पडतो.

दुसरी चाळणी गोंगाटाची. पंखा, मिक्सर, रस्त्यावरची घरघर असा सतत येणारा आवाज ॲप गोंगाट समजून काढून टाकते. बोलण्यासाठी हे उत्तम, पण नातीने आजोबांना गाणे म्हणून दाखवायला घेतले की घोटाळा होतो. तंबोऱ्याचा अखंड सूर ॲपच्या दृष्टीने पंख्याच्याच जातीचा. तो नाहीसा होतो आणि लांबवलेला स्वरही मधेच खचतो. आजोबांना वाटते पोर बेसूर झाली. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे. ती सुरू केली की ही चाळणी बाजूला होते. गाण्याच्या वेळी ती आठवणीने वापरावी.

हुंकारासाठी इयरफोन कामी येतो. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरत नाही, त्यामुळे फोनला काही दाबावे लागत नाही. वायरचा इयरफोन जास्त बरा, कारण ब्लूटूथ स्वतःचा आणखी थोडा उशीर घालते. इयरफोन नको असेल तर हुंकार मानेने द्यावा, ठळकपणे.

“आवाज येतो रे, शब्द कळत नाहीत”

ज्येष्ठांची ही तक्रार अगदी अचूक असते. वयानुसार कानाची बारीक, उंच पट्टीचे आवाज टिपण्याची शक्ती आधी कमी होते. बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीचे आणि दमदार असतात, ते नीट पोहोचतात. स, श, फ, च, ट यांसारखी व्यंजने उंच पट्टीची आणि मुळातच क्षीण. स्वरांमुळे कोणीतरी बोलतेय हे कळते, पण शब्द ओळखायला व्यंजने लागतात. ‘साठ’मधला ‘स’ गेला की उरते ‘आठ’. औषधाच्या मात्रेत किंवा पैशाच्या आकड्यात हा फरक लहान नाही.

त्यात जुन्या पद्धतीचा टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी वाहून नेत असे. ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. म्हणजे वय आणि फोन दोघेही एकाच ठिकाणी कात्री लावत होते. ॲपवरचा कॉल नेट चांगले असताना याहून बरीच रुंद पट्टी नेतो, म्हणून तो जास्त स्वच्छ ऐकू येतो.

ऐकू येत नाही म्हटल्यावर मुले ओरडून बोलतात. ओरडल्याने मुख्यतः स्वर वाढतात, व्यंजने त्या मानाने मागेच राहतात. आवाज मोठा होतो, शब्द स्पष्ट होत नाही, आणि आईला मात्र वाटते की आपल्यावर चिडला. त्यापेक्षा थोडे सावकाश, वाक्य संपल्यावर थांबत बोलावे. आकडे सुटे करून सांगावेत : “साठ. सहावर शून्य.”

ऐकण्यात डोळ्यांचाही वाटा मोठा. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘बा’ हा आवाज आणि ‘गा’ म्हणणारे ओठ एकत्र दाखवले, तेव्हा बहुतेक मोठ्या माणसांना ‘दा’ ऐकू आले. मेंदू कान आणि डोळे यांची बेरीज करून शब्द ठरवतो. कमी ऐकू येणाऱ्याला ओठ दिसणे म्हणूनच फार मोलाचे. पण मुले खिडकीकडे पाठ करून बसतात. कॅमेरा पूर्ण चित्राचा उजेड पाहून हिशेब करतो, मागची खिडकी झगझगीत असल्याने सगळेच चित्र मंद करतो, आणि चेहऱ्याच्या जागी काळी आकृती उरते. उजेड तोंडावर घेऊन बसले की आईला दोन शब्द जास्त कळतील. हे सगळे करूनही अडत असेल तर श्रवणतपासणी जरूर करावी. आजची अनेक श्रवणयंत्रे फोनला थेट जोडता येतात.

नजर का मिळत नाही?

कॅमेरा फोनच्या वरच्या कडेला असतो, चेहरा पडद्याच्या मध्ये. आई लेकाच्या डोळ्यांत पाहत असते, पण कॅमेऱ्याला ती खाली पाहताना दिसते. फोन ३० सेंटिमीटरवर आणि चेहरा कॅमेऱ्याच्या ६ सेंटिमीटर खाली असेल तर नजर सुमारे ११ अंश खाली झुकते. फोन ६० सेंटिमीटरवर नेला की हा कोन सहा अंशांच्या खाली येतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात २००२ मध्ये झालेल्या प्रयोगांत नजर पाचेक अंश खाली असली तरी बहुतेकांना ती मिळाल्यासारखीच वाटली. म्हणून फोन हातात जवळ न धरता हातभर लांब, डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. साखरेचा डबा पुरतो, फक्त त्याखाली आणखी एक डबा हवा.

लहान नातवंडांच्या बाबतीत एक चांगली गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये दीड वर्षाखालील मुलांना पडदा दाखवू नये असे सांगितले, तेव्हा व्हिडिओ कॉलला त्यातून वगळले. पडद्यावरची आजी बाळाला प्रतिसाद देते, कार्टून देत नाही. मात्र आजी ‘ते बघ’ म्हणून बोट दाखवते ते कुठे, हे बाळाला पडद्यातून उमगत नाही. त्याच्याजवळ बसलेल्या आईने किंवा बाबाने ती वस्तू दाखवली तर खेळ रंगतो.

बोट लावले तरी उमटत नाही

पडद्याला दाब कळत नाही. बोट टेकले की त्वचेमुळे पडद्यावरचा विद्युतभार किंचित बदलतो आणि फोन तो बदल ओळखतो. वयानुसार त्वचा कोरडी होते, बदल क्षीण होतो आणि स्पर्श उमटत नाही. मग माणूस साहजिकच बटण दाबल्यासारखे जोराने, जास्त वेळ दाबतो. पण साधारण अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ टेकलेले बोट म्हणजे फोनसाठी वेगळीच आज्ञा असते. भलतीच यादी उघडते आणि ‘माझ्याकडून काहीतरी बिघडलं’ ही भीती बसते.

हाताला थोडे मलम लावणे किंवा बोट किंचित ओले करणे हा पहिला उपाय. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ विभागात हा वेळ वाढवण्याची सोय असते, मुलांनी सुट्टीत आल्यावर ती करून द्यावी. शिकवताना फोन आपल्या हातात ओढून घेऊ नये. बोट त्यांचेच राहू द्यावे आणि पायऱ्या त्यांच्याच अक्षरात वहीत उतरवाव्यात. पाहून शिकलेले विसरते, हाताने केलेले टिकते.

सगळेच कॉलवर कशाला?

मार्च ते नोव्हेंबर कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. दोघांनाही निवांत अशी वेळ मोजकीच. संयुक्त अरब अमिरातीत तर व्हॉट्सॲपवरून कॉलच होत नाही. तिथे असलेल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या मुलांना परवानगी असलेली दुसरी ॲप वापरावी लागतात.

अशा वेळी व्हॉइस नोटचे महत्त्व कळते. तिला घाई नसते. हरवलेला तुकडा फोन पुन्हा मागवून घेतो, त्यामुळे ती पूर्ण आणि स्वच्छ पोहोचते, आणि कितीही वेळा ऐकता येते. विमानाची वेळ, डॉक्टरांनी सांगितलेले, बँकेचे काम हे व्हॉइस नोटवर किंवा लिहून पाठवावे. कॉल गप्पांसाठी मोकळा ठेवावा. आणि आईकडून रोज येणारा सकाळच्या फुलांचा फोटो न उघडता सोडून देऊ नये. ‘उठले, बरी आहे, तुझी आठवण आहे’ हे त्यात सांगून झालेले असते. त्याला दोन शब्दांचे उत्तर तिथे दिवसभर पुरते.

याने एकटेपणा जातो का?

अमेरिकेत साठीवरील १,४२४ व्यक्तींच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, व्हिडिओवर बोलणाऱ्यांमध्ये दोन वर्षांनी नैराश्याची लक्षणे असण्याची शक्यता, असे कुठलेच साधन न वापरणाऱ्यांच्या जवळपास निम्मी आढळली. ईमेल, समाजमाध्यमे किंवा झटपट संदेश यांत असा फरक दिसला नाही. अर्थात, मुळात उमेद असलेलीच माणसे व्हिडिओवर जास्त बोलत असतील हेही शक्य आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात तीनच चाचण्या मिळाल्या, सगळ्या तैवानमधील शुश्रूषागृहांतल्या, मिळून २०१ ज्येष्ठांच्या. एकटेपणात त्यांना फारसा फरक दिसला नाही, आणि पुरावा अगदी तोकडा असल्याचे त्यांनी नोंदवले.

तेव्हा कॉल म्हणजे औषध नव्हे, आणि कोपऱ्यावरच्या कट्ट्याची, शेजारणीची, भजनी मंडळाची जागा तो घेणार नाही. पण मुलांशी नाते टिकवण्याचे ते आज हाताशी असलेले सर्वांत चांगले साधन आहे, आणि ते नीट चालवण्याचा मोठा वाटा मुलांनी उचलायला हवा. त्यांचे कान शाबूत आहेत, बोटे चपळ आहेत, सेटिंग्ज त्यांना सापडतात. उजेडात बसणे, सावकाश बोलणे, आईचे वाक्य पुरे होऊ देणे यांपैकी एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. आई साठ वर्षांची सवय मोडून नवे यंत्र शिकते आहे, लेकाने तिच्यासाठी बोलण्याचा वेग बदलणे हे त्यापुढे फार सोपे आहे.

थोडक्यात

- बोलून झाले की “आता तू सांग” म्हणा. प्रश्नानंतर एक श्वास थांबा.
- उत्तर उशिरा आले म्हणून मनात अर्थ लावू नका. उशीर तारेचा असतो.
- आवाज तुटला तर कॅमेरा बंद करा आणि वायफायच्या जवळ जा.
- शक्यतो वायरचा इयरफोन वापरा. नसेल तर हुंकार मानेने द्या.
- उजेड चेहऱ्यावर घ्या. ओरडू नका, सावकाश बोला, आकडे फोडून सांगा.
- फोन हातभर लांब, डोळ्यांच्या उंचीवर ठेवा.
- स्पर्श उमटत नसेल तर बोट किंचित ओले करा आणि अलगद टेकवा.
- महत्त्वाची माहिती व्हॉइस नोटवर, कॉल गप्पांसाठी.